शेवाळावरचा सडा

पाहणी समिती गुरुवारी सकाळी राईत येणार होती. त्याआधी ती तीनदा येऊन गेली होती आणि तिन्ही वेळा अहवालात एकच गोष्ट लिहिली गेली होती: जानाईच्या राईतलं शेवाळ हिरवं आहे, चादरी उघड्या ठेवायला हरकत नाही.

चादरी हे उंबरमाचीच्या लोकांनी दिलेलं नाव. सरकारी कागदावर ते 'धुके संकलन पट्टे' होते. घाटमाथ्याच्या कड्यावर, पोलादी खांबांच्या मधे ताणलेल्या करड्या जाळीच्या उंच पट्ट्या. कोकणातून वर चढणारं धुकं त्यांतून गाळलं जाई, पाणी खालच्या पन्हळीत उतरे आणि नळातून आपल्याच उतारानं पूर्वेच्या कोरड्या गावांकडे जाई. पंप नाही, वीज नाही, धरणात बुडालेलं गाव नाही. पावसाळ्यात त्या गुंडाळून ठेवत. दसऱ्यापासून मे महिन्याच्या अखेरीपर्यंत त्या उघड्या असत.

चादरीची कल्पना शेवाळावरूनच सुचली होती. झाडाच्या अंगात नळ असतात. मुळांनी खालून ओढलेलं पाणी त्या नळांतून शेंड्यापर्यंत चढतं आणि पानांवरच्या मेणाच्या थरामुळे ते सहज उडून जात नाही. शेवाळाकडे यातलं काही नाही. दगडावरच्या त्या हिरव्या मखमलीला नळ नाहीत, खरी मुळंही नाहीत. तळाचे केस दगड धरून ठेवण्यापुरते. पान बहुधा एकाच पेशीच्या जाडीचं. ते सगळ्या अंगानं पाणी घेतं आणि सगळ्या अंगानं घालवतं. हवा ओली तर शेवाळ ओलं, हवा कोरडी तर शेवाळ कोरडं. त्याची वीणही पाण्यावाचून होत नाही, कारण नराच्या पेशीला मादीपर्यंत पोहत जावं लागतं. त्या प्रवासाला पाण्याचा अखंड पापुद्रा लागतो. म्हणून शेवाळ ओल सोडून राहत नाही. मात्र कोरड्या मुलखातल्या काही जातींनी एक युक्ती केलेली असते. त्यांच्या पानाच्या टोकाला एक बारीक खाचांचा केस असतो आणि तो हवेतला थेंब पकडून पानाकडे ढकलतो. त्या केसाची नक्कल करून चादरी विणल्या गेल्या.

उंबरमाचीच्या ग्रामसभेनं कड्याची जागा देताना एक अट घातली होती. राईतलं शेवाळ निम्म्याहून जास्त वाळलं, तर चादरी मिटायच्या. झाडांवरून काही कळलं नसतं. त्यांची मुळं खोल, ती वर्षानुवर्षं तग धरतात. शेवाळाला खालून उसनं पाणी मिळत नाही, म्हणून धुकं कमी झालं की पहिल्यांदा तेच सांगणार, हे गावाला पटलं होतं. शिवाय राईतला झरा त्या शेवाळावरच जगत होता. दगडांवरची ती जाड गादी धुकं पिऊन घेई आणि दिवसभर भेगांत थेंब थेंब सोडत राही.

राईत मोजणीची यंत्रं कायमची बसवता आली नव्हती. जानाईच्या हद्दीत लोखंड रात्रभर ठेवायचं नाही, अशी तिथली पाळणूक होती. कोयतासुद्धा संध्याकाळी बाहेर यायचा. म्हणून समिती यायची, देवीच्या चौथऱ्याभोवतीचे ठरलेले दगड कॅमेऱ्यानं टिपायची आणि जायची.

कड्यावरचं केंद्र प्रणाली मोरे सांभाळत असे. तिचं सासर उंबरमाचीत. माहेर पांढरमाळ, पूर्वेचं, नळाच्या दुसऱ्या टोकाचं. गावात तिला 'चादरीवाली' म्हणत, आणि ते नेहमीच कौतुकानं म्हणत नसत.

आधीच्या तिन्ही पाहण्यांच्या वेळी साहेब लोक आधी केंद्रावर येत, मग राईत जात आणि प्रणाली केंद्रावरच थांबे. या खेपेला क्रम उलटा होता. आधी राई. त्यामुळे त्या गुरुवारी ती आठ वाजताच राईत उतरली.

वरच्या अंगाला, मोठ्या खडकांवर, शेवाळ तपकिरी पडलं होतं. तिनं टाचा उंचावून हात फिरवला. वाळलेल्या चहापत्तीसारखं खरखरलं. ती खाली चौथऱ्याकडे आली, तर तिथे चार-पाच बायका कळश्या घेऊन उभ्या होत्या. वाटेवर पाणी शिंपडलेलं, चौथरा धुतलेला. तिची सासू, शालनबाई, ओंजळीनं एकेका दगडावर पाणी घालत होती.

"आत्या, हे काय?"

"काय म्हंजे? सडा."

"दगडांवर?"

"पावणं येणार. कोरड्या धुरळ्यातनं आणायचं का त्यास्नी? मागल्या टायमालाबी घातला हुता. त्याच्या मागल्याबी." शालनबाईंनी कमरेवर हात ठेवला. "तू कधी आलीस हितं सकाळची? तुझं सगळं ध्यान त्या कड्यावर."

"वाटेवर घाला. शेवाळावर कशाला?"

"तहानलंय गं ते. हात लाव, म्हंजे कळंल. मुकं हाय, मागणार कुणाकडं? दोन वर्सं झाली, रोज सकाळी ज्याची पाळी त्यानं ओंजळ ओंजळ घालायची. आजवर एक दिस चुकला न्हाई."

"तुझ्या चादरी पित्यात, आमी पाजतो," शेजारची पारूवहिनी म्हणाली. "फिटंफाट."

बायका हसल्या.

"ह्ये बघ," शालनबाई म्हणाल्या, "कसं डोळं उघडतंय."

दगडावरची आखडलेली, तपकिरी पानं पाणी लागताच उलगडत होती. बघता बघता तो ठिपका पोपटी झाला. मग शेजारचा. प्रणालीनं मान वर केली. हिरवा रंग बायकांच्या खांद्याच्या उंचीपर्यंत येऊन थांबला होता. त्याच्या वर सगळं तपकिरी.

तीन अहवाल कसे तयार झाले, हे तिच्या लक्षात आलं. पाहणीची तारीख दर वेळी तिनंच घरात सांगितली होती.

तेवढ्यात फोन वाजला. तुषार, तिचा धाकटा भाऊ.

"अक्का, आली का समिती?"

"यायचीय."

"हितं सगळी विचारायलीत. पारावर बसल्यात निकाल लागल्यासारखी." तो खुशीत होता. "आई आज परत डोक्यावरनं न्हाली. म्हणलं, सर्दी हुईल. तर म्हणती, सारा जन्म एका तांब्यात न्हाले, आता सर्दी झाली तर हू दे, सर्दीनं मरीन पर न्हाऊन मरीन."

प्रणालीला हसू आलं नाही. तुषार भोसरीतली नोकरी सोडून, बायको आणि दोन मुली घेऊन पांढरमाळला परतला होता. 'आता पाणी आलंय, ये' असं त्याला प्रणालीनंच सांगितलं होतं. पुन्हा पुन्हा सांगितलं होतं.

"ठेवते," ती म्हणाली. "आली वाटतं गाडी."

समितीत दोघं होती. इंजिनिअर निंबाळकर, जे चादरी उभारल्यापासून या कामावर होते, आणि पहिल्यांदाच आलेल्या वनस्पतितज्ज्ञ डॉ. रुबिना मुल्ला. निंबाळकरांनी चौथऱ्याला नमस्कार केला आणि ओल्या वाटेकडे बघून म्हणाले, "काकी, तुमच्या गावासारखं स्वागत कुठं होत नाही बघा."

कॅमेरा ठरलेल्या दगडांवरून फिरला. पडद्यावर हिरवा आकडा आला. निम्म्याच्या बराच वर.

डॉ. मुल्लांनी भिंग काढून एका दगडावर वाकून पाहिलं. मग सरळ उभ्या राहून वरच्या खडकांकडे पाहिलं.

"रात्री धुकं होतं का?"

"होतं की," निंबाळकर म्हणाले. "केंद्रावर नोंद आहे. काय हो, मोरे मॅडम?"

"होतं," प्रणाली म्हणाली.

"मग वरचं कोरडं कसं?"

"मॅडम, करारात हे दगड आहेत. वरचे नाहीत. आपण वरचे मोजायला लागलो तर उद्या झाडावरचं मोजा म्हणतील."

डॉ. मुल्लांनी भिंग मिटलं. कराराबद्दल निंबाळकरांचं म्हणणं बरोबर होतं. निंबाळकरांनी सहीसाठी पाटी पुढे केली.

प्रणालीला गप्प बसता आलं असतं. तिला सड्याबद्दल कुणी काही विचारलेलं नव्हतं. मे अखेरीपर्यंत चादरी उघड्या राहिल्या असत्या, आई न्हात राहिली असती. आणि झरा? या माघात झऱ्याची धार मनगटाएवढी होती, ती आता करंगळीएवढी झाली होती. पावसाळ्यापर्यंत ती राहील, असं गावात कुणी म्हणत नव्हतं. राहणार नाही, असंही कुणी मोठ्यानं म्हणत नव्हतं.

"साहेब," ती म्हणाली, "सही जेवण झाल्यावर करा. इथंच वाढतो राईत."

"अहो, मला तीनला साताऱ्यात मीटिंग आहे."

"हितनं पावणा उपाशी गेलेला न्हाई," शालनबाई लगेच पुढे झाल्या. सुनेनं पहिल्यांदाच राईतला रिवाज आपणहून पाळला, याचा त्यांना आनंद झालेला दिसत होता. "नाचणीची भाकरी हाय, कुळथाचं पिठलं हाय. तुमच्या मिटिंगीत काय देत्यात? बिस्कुट?"

निंबाळकर हसले आणि बसले.

पत्रावळी मांडल्या गेल्या. ऊन झाडांतून तिरपं उतरत होतं आणि वारा कोरडा होता. शालनबाई वाढत होत्या, पारूवहिनी निंबाळकरांना 'साताऱ्याची माणसं जेवत्यात की चिमण्यांवानी टिपत्यात' म्हणून डिवचत होती. निंबाळकरांनी दुसरी भाकरी घेतली. डॉ. मुल्ला दगडांच्या समोर बसल्या होत्या. त्यांचा घास मधेच थांबला.

चौथऱ्याला लागून असलेल्या दगडावर पानांची टोकं आत वळत होती. पोपटी रंग मावळत चालला होता, कडांकडून मधोमध. जेवणं उरकेपर्यंत तो दगड वरच्या खडकासारखाच दिसू लागला. मग त्याच्या शेजारचा.

डॉ. मुल्लांनी पत्रावळ बाजूला सरकवली.

"सकाळी यावर पाणी घातलं होतं?"

"घातलं की," शालनबाई म्हणाल्या. "रोजच घालतो. आमी नसतो तर कवाच संपलं असतं."

"रोज? किती?"

"वंजळभर. एवढ्या दगडांस्नी कळश्या कुठनं आणायच्या? झऱ्यालाच पानी न्हाई."

डॉ. मुल्लांनी उठून त्या दगडावर बोट फिरवलं. मग त्यांनी जे सांगितलं ते निंबाळकरांकडे बघून सांगितलं, पण सगळ्यांना ऐकू गेलं. शेवाळ वाळलं म्हणजे मेलं असं नाही. ते सगळी कामं थांबवून पडून राहतं, महिनोन्‌महिने राहू शकतं. पाणी मिळालं की उठतं. पण उठल्या उठल्या त्याला आधी मोडतोड दुरुस्त करावी लागते, आणि त्यासाठी अंगातलं साठवलेलं अन्न जाळावं लागतं. नंतर काही तास ओल टिकली, तर ते उन्हात नवं अन्न तयार करतं आणि झीज भरून निघते. ओल तेवढी टिकली नाही, तर झीज तशीच राहते.

"चूल पेटवायची," त्या शालनबाईंकडे वळून म्हणाल्या, "आणि भात शिजायच्या आत विझवायची. रोज. लाकूड संपतं, भात कधीच होत नाही."

शालनबाईंच्या हातात पिठल्याचं भांडं होतं.

"म्हंजे आमी पाजलं, त्येनं त्येचं वाईट झालं?"

"मूळ कारण धुकं आहे, काकी. धुकं पूर्वीइतकं ओलं असतं तर तुमच्या ओंजळीनं काही बिघडलं नसतं. पण..." त्या थांबल्या. "हो. असं पाजण्यापेक्षा कोरडं पडून राहिलं असतं तर बरं झालं असतं."

पारूवहिनी पदर तोंडाला लावून उभी राहिली. निंबाळकर सहीची पाटी पिशवीत घालत होते.

शालनबाईंनी सुनेकडे पाहिलं. "तुला ठावं हुतं?"

"वाईट होतं हे नव्हतं ठाऊक. तुम्ही पाणी घालता, हे आज सकाळी कळलं."

"म्हनून जेवाय थांबवलंस त्यास्नी."

प्रणालीनं मान हलवली.

"माझ्या हातनं वाढून घेतलंस," शालनबाई म्हणाल्या. त्यांनी भांडं खाली ठेवलं आणि त्या राईबाहेर गेल्या.

चादरी सोमवारी मिटल्या. अट स्पष्ट होती आणि कोरडे पडल्यावर दगडांचा हिरवा आकडा निम्म्याच्या फार खाली होता. प्रणालीनंच खांबांवरच्या गराड्या फिरवून एकेक पट्टा गुंडाळला.

दोन वर्षांपूर्वी जुन्या पट्ट्यांच्या जागी नवे, बारीक विणीचे पट्टे आले होते. पाणी दीडपटीनं वाढलं होतं आणि पांढरमाळचा टँकर बंद झाला होता. उंबरमाचीत कुणाला फरक जाणवला नव्हता, कारण धुकं आधीसारखंच पांढरंशुभ्र दिसे. डॉ. मुल्लांनी नंतर समजावलं की नव्या चादरी धुक्यातले मोठे थेंब काढून घेत होत्या आणि अगदी बारीक तेवढे पलीकडे जात होते. पांढरेपणा बारीक थेंबांमुळेच येतो. ओल मोठ्या थेंबांत असते. राईत रोज धुकं शिरत होतं आणि काहीही न देता निघून जात होतं.

घरात शालनबाई सुनेशी गरजेपुरतं बोलत. त्यांनी राईत जाणं सोडलं. त्यांची पाळी आली तेव्हा त्या आजारी आहेत असं सांगून पडून राहिल्या, आणि गावात प्रथमच मोऱ्यांची पाळी चुकली.

"तू केलंस ते गावाच्या भल्याचं केलंस," तिचा नवरा सूरज म्हणाला. तो म्हशींचं दूध घालून आला होता आणि रिकाम्या किटल्या पालथ्या घालत होता. "पण आईला चारचौघांत नव्हतं सांगायचं."

"मी नाही सांगितलं. बाईंनी सांगितलं."

"तूच बसवलंस ना त्यांना तिथं?"

"आधी आत्यांना घरात सांगितलं असतं, तर त्यांनी ऐकलं असतं?"

सूरजनं विचार केला. "नसतं ऐकलं," तो म्हणाला. "तरी पण."

तुषारचा फोन त्याच आठवड्यात आला. या वेळी तो पारावर नव्हता. मागे बायका भांडत असल्याचा आणि टँकरच्या इंजिनाचा आवाज होता.

"अक्का, निंबाळकर साहेब हितं आले हुते. त्यांनी सगळं सांगितलं. सही होणार हुती म्हणे. तू थांबवलीस."

"हो."

"कशासाठी? दगडावरच्या शेवाळासाठी?"

"तुषार, त्यावर झरा आहे इथला. तो आटला तर सगळं गाव..."

"झरा तुझ्या सासरचा हाय."

प्रणालीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला परत ये म्हणलेलं कुणी?" तो म्हणाला. "तूच ना? पोरींची नावं काढली तिथल्या शाळेतनं. हितं घातली. आता परत काढू?"

"जुन्या विणीच्या चादरी परत बसवायचं चाललंय. थोडं पाणी तरी येईल."

"कवा?"

"दोन-तीन वर्षं लागतील. आधी राई सुधारायला पाहिजे."

"बरं," तुषार म्हणाला. "तवर आम्ही वाळून पडतो. पानी आलं की उठू." त्यानं फोन ठेवला.

एप्रिलच्या मध्याला डॉ. मुल्ला पुन्हा आल्या. या वेळी त्यांच्याकडे हातात मावणारं एक यंत्र होतं. ते पानावर प्रकाश टाकी आणि पानानं त्यातला किती कामाला लावला, किती परत टाकला ते मोजी. रंग फसवतो, त्या म्हणाल्या. भिजल्यावर मेलेलं पानही काही काळ हिरवं दिसतं. चादरी मिटल्यावर धुकं आता पहाटेपासून ओलं येत होतं आणि खालचे, वरचे सगळे दगड हिरवे होते. बघणाऱ्याला वाटलं असतं, संकट टळलं.

प्रणाली यंत्र धरून होती. शालनबाई वाटेवर, हद्दीच्या दगडापाशी येऊन उभ्या होत्या. त्या आल्याचं कुणाला कळलं नव्हतं.

चौथऱ्याभोवतीच्या दगडांवर यंत्राचा आकडा जवळजवळ हलला नाही. एका दगडावर नाही, दुसऱ्यावर नाही. तिथली हिरवी पानं काहीच करत नव्हती. मग डॉ. मुल्ला शिडी लावून वरच्या खडकावर चढल्या आणि यंत्र टेकवलं.

"जिवंत आहे," त्या वरून म्हणाल्या. "चांगलं जिवंत आहे."

त्यांनी आणखी तीन खडक तपासले. जिथे शिडी लावावी लागली, तिथे शेवाळ जगलं होतं.

"जितं आमचा हात पोचला न्हाई," शालनबाई म्हणाल्या, "तितंच त्ये ऱ्हायलं."

डॉ. मुल्ला खाली उतरल्या. काहीतरी दिलासा द्यावा म्हणून त्यांनी सांगितलं की वरून खाली ते पुन्हा पसरेल. तुकडे गळून पडतील, रुजतील. ओल अखंड राहिली तर नर-मादीची गाठ पडेल, वीण होईल.

"किती वर्सं?"

"नक्की नाही सांगता येत, काकी. शेवाळ फार सावकाश वाढतं."

"मला दिसंल?"

डॉ. मुल्लांनी प्रणालीकडे पाहिलं. "यांना दिसेल," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी घरी येताना शालनबाई सुनेबरोबर चालत आल्या. वाटेत एवढंच म्हणाल्या, "पाळी बंद करायची न्हाई. वाट झाडायची, दिवा लावायचा. पानी तेवढं न्हाई घालायचं. बायकांस्नी मी सांगते. तू नगं सांगू, तुझं ऐकायच्या न्हाईत."

मे महिना लागला तसं पांढरमाळचा टँकर तीन दिवसांआड येऊ लागला. तुषार एकटाच भोसरीला परत गेला. बायको-मुली तिच्या माहेरी. आईला त्यानं उंबरमाचीच्या गाडीत बसवून दिलं. मंगलबाई पिशवी घेऊन उतरल्या तेव्हा लेकीला जवळ घेण्याआधी म्हणाल्या, "लेकीच्या दारात पाण्यासाठी आले बघ. कुनी ऐकलं तर काय म्हनंल?"

"असू दे ओ, विहीणबाई," शालनबाई दारातून म्हणाल्या. "आमच्यात कोन काय म्हनत न्हाई. बसा. पाय धुवा."

मंगलबाईंनी पायांवर अर्धा तांब्या ओतला आणि उरलेला जपून कोपऱ्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघी राईत गेल्या. मंगलबाईंनी घाटमाथ्यावरचं धुकं आयुष्यात पाहिलं नव्हतं. ते झाडांतून सरकत होतं, फांद्यांवरून गळत होतं, वाटेवर टपटपत होतं. त्यांचे केस पांढरे थेंब लागून चमकत होते आणि लुगड्याचा पदर भिजून जड झाला होता. त्या तोंड वर करून उभ्या राहिल्या. ओठांवरून जीभ फिरवली.

"हे आमच्याकडं येत हुतं?"

"हो, आई," प्रणाली म्हणाली.

"सगळं?"

"बरंचसं."

मंगलबाईंनी भोवती पाहिलं. दगड, मुळं, पालापाचोळा, सगळ्यावर ते पडत होतं. "आन आता हितंच जातं," त्या म्हणाल्या. लेकीला नव्हे, कुणालाच नव्हे.

प्रणालीला झऱ्याचं सांगायचं होतं. धार आता करंगळीची अंगठ्याएवढी झाली होती. पण ते आईला सांगण्यासारखं होतं की नाही, हे तिला ठरवता येईना.

ऊन वर आलं तसं धुकं पातळ झालं, मग कड्याकडे सरकलं आणि विरलं. वारा कोरडा झाला. चौथऱ्याजवळच्या दगडांवरचा हिरवा रंग मावळू लागला. त्यातल्या एका दगडाच्या भेगेत, वरून गळून आलेला कोवळ्या शेवाळाचा ठिपका धरला होता, नखाएवढा. डॉ. मुल्लांनी त्याच्याभोवती पांढऱ्या रंगानं गोल काढून ठेवला होता. तोही आखडत होता.

मंगलबाईंनी ते पाहिलं. त्यांनी पदर पुढे घेतला, त्याचं टोक ओंजळीत पिळलं आणि जमलेलं थोडंसं पाणी घेऊन त्या दगडाकडे वाकल्या.

"तितं नगं, विहीणबाई," शालनबाई म्हणाल्या.

"चार थेंब हायत ओ."

"चारच हायत, म्हनून."

मंगलबाईंना ते कळलं नाही. त्यांनी विहीणबाईंकडे पाहिलं, मग लेकीकडे. लेकीनं मान खाली घातली होती. ओंजळ तशीच धरून त्या उभ्या राहिल्या. बोटांच्या फटींतून पाणी गळायला लागलं होतं आणि ते कुठे टाकावं, हे त्यांना समजेना. तेव्हा त्यांनी ओंजळ तोंडाला लावली आणि ते पिऊन टाकलं.